अकाउंट्सला नवीन लागलात? टॅली नंतर उघडा, आधी शंभर पानी वही आणा

आमच्याकडे अकाउंट्सला दरवर्षी एखादं तरी नवीन पोरगं येतं. कोणी बीकॉम, कोणी माझ्यासारखं सायन्सवालं चुकून इकडे आलेलं, आणि बहुतेकांकडे टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) क्लासचं सर्टिफिकेट असतं. कुठलं बटण कुठे ते सगळं येतं, पण विचारलं की भाडं दिलं तर नावे (डेबिट) काय आणि जमा (क्रेडिट) काय, की मान स्क्रीनकडे वळते. त्यांचा दोष नाही, मी पण असाच होतो. घरच्या घरी, नोकरी सांभाळून हे शिकता येतं, रोज एक तास धरला तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

पहिला महिना कॉम्प्युटर नाही. वही घ्यायची आणि स्वतःचाच हिशेब लिहायचा, कारण पुस्तकातला तो रामू व्यापारी आपल्या डोळ्यासमोर येत नाही, आपला पगार येतो. समजा पगार २२,००० बँकेत आला, ५,००० खोलीभाडं यूपीआयने गेलं, एटीएममधून २,००० काढले, त्यातले १,००० मित्राला उसने दिले आणि मेसवाल्या काकूंचं ३,२०० चं बिल झालंय पण दिलेलं नाही. आता कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या नोंदी, लिहा:

बँक नावे २२,०००, पगार जमा २२,०००.
खोलीभाडं नावे ५,०००, बँक जमा ५,०००.
रोख नावे २,०००, बँक जमा २,०००.
मित्र नावे १,०००, रोख जमा १,०००.
मेस खर्च नावे ३,२००, मेसवाल्या काकू जमा ३,२००.

शेवटची नोंद नीट बघा. पैसा कुठेच हलला नाही तरी नोंद झाली, कारण जेवण तर जेवलात ना, खर्च होऊन गेला. नवीन माणसाला सगळ्यात जास्त वेळ हेच पटायला लागतो.

मग प्रत्येक खात्याला एक पान देऊन खतावणी करा, म्हणजे कीर्दीतल्या नोंदी त्या त्या पानावर उतरवा, आणि शिल्लक काढा. नावे बाजूला बँक १५,०००, रोख १,०००, भाडं ५,०००, मेस ३,२००, मित्र १,०००, बेरीज २५,२००. जमा बाजूला पगार २२,००० आणि काकू ३,२००, बेरीज २५,२००. जुळली, ही झाली तुमची पहिली तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स. आता पगारातून दोन्ही खर्च वजा केले तर महिन्यात १३,८०० उरले. पण हातात आणि बँकेत मिळून १६,००० आहेत, मग बाकीचे कुठून आले? मित्राकडून यायचे १,००० मिळवा, काकूंचे द्यायचे ३,२०० वजा करा, बरोबर १३,८००. नफा-तोटा पत्रक (काय कमावलं, काय खर्चलं) आणि ताळेबंद (काय आहे, काय देणं आहे) यांचं एकमेकांशी नातं काय ते मला या असल्या चार आकड्यांत कळलं, जाडजूड पुस्तकात नाही.

नियम पाठ करायचे तर तीनच आहेत. व्यक्तीचं खातं असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वस्तू किंवा मालमत्ता असेल तर येते ती नावे, जाते ती जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा. पण एक घोळ आधीच सांगून ठेवतो. बँकेचा मेसेज येतो की तुमच्या खात्यात अमुक रक्कम क्रेडिट झाली, आणि तुमच्या वहीत तर बँक डेबिट म्हणजे नावे आहे. दोन्ही बरोबर आहे, कारण बँक तिच्या वहीतलं सांगते, तिच्या दृष्टीने तुम्ही देणेकरी... नाही, उलटं, ती तुमची देणेकरी (पैसे तिने तुम्हाला द्यायचे), म्हणून तुमचं खातं तिच्याकडे जमा. बघा, इतक्या वर्षांनी माझी पण जीभ घसरते.

पुस्तक कुठलं म्हणाल तर बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालनाचं, मराठीत मिळतं आणि पीडीएफ फुकट उतरवता येते. रोजकीर्द, खतावणी, सहाय्यक पुस्तकं, बँक जुळवणी (आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी ताडणं), घसारा (वापराने घटणारी किंमत), चुकांची दुरुस्ती आणि अंतिम खाती एवढं पेन्सिलीने सोडवा, नुसतं वाचू नका, वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. बारावीचं भागीदारीपासून सुरू होतं, ते आत्ता राहू द्या.

वहीत तेरीज जुळली नाही की घाबरायचं नाही, फरक बघायचा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकडे उलटसुलट झालेत, ५,४०० चे ४,५०० लिहिले की ९०० चा फरक पडतो. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधा, सापडली तर ती चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते.

ऑफिसात शिकायचं खरं ठिकाण म्हणजे मागच्या वर्षीची व्हाउचर फाइल, म्हणजे बिलं आणि त्यांच्या नोंदी. साहेबांना विचारून दुपारी अर्धा तास ती घेऊन बसा, बिल बघा, नोंद झाकून ठेवा, स्वतः नोंद लिहा आणि मग ताडून बघा. समजा १०,००० च्या मालावर १८ टक्के जीएसटी लागून ११,८०० चं बिल आहे. नवीन माणूस पूर्ण ११,८०० खरेदीला टाकून मोकळा होतो. खरेदी १०,००० च, ९०० सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९०० एसजीएसटी (राज्याचा) ही वेगळी इनपुट (खरेदीवरच्या टॅक्सची) खाती नावे आणि पुरवठादार ११,८०० ला जमा, कारण क्रेडिट, म्हणजे त्या टॅक्सची वजावट, मिळणार असेल तर तो टॅक्स आपला खर्च नाही, पुढे आपल्या विक्रीवरच्या टॅक्समधून वळता होतो. माल दुसऱ्या राज्यातून आला की सहसा एकच आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा) १,८००. पुरवठादार कुठे नोंदलेला आहे ते त्याच्या जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०.

आता टॅली. लायसन्स नसलं तरी एज्युकेशन मोडमध्ये घरी सराव होतो, फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्र्या घेतं, शिकायला तेवढं पुरे. एफ ४ कॉन्ट्रा (रोख आणि बँक यांच्यातली उलाढाल), एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल (काकूंच्या बिलासारख्या, पैसा न हललेल्या नोंदी), एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस. वहीतला तोच महिना टॅलीत टाका, १३,८०० च यायला पाहिजेत.

पण टॅलीत तेरीज जुळली म्हणून हुरळून जाऊ नका, दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय ते व्हाउचर सेव्हच होऊ देत नाही, त्यामुळे चुकीचं खातं पकडलं तरी बेरीज मस्त जुळते. माझ्या पहिल्या नोकरीत एकाच आडनावाचे दोन गिऱ्हाईक होते, एकाचा ४२,००० चा चेक मी दुसऱ्याच्या खात्यावर टाकला, स्क्रीनवर सगळं गोड दिसत होतं, आणि दोन महिन्यांनी वसुलीचा फोन मीच केला, ज्याने वेळेवर पैसे दिले होते त्यालाच! त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून नावाबरोबर गावही लेजरमध्ये (खात्याच्या नावात) टाकतो आणि नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या खुलाशात) चेक नंबर, बिल नंबर लिहितोच. नॅरेशन रिकामं ठेवणाऱ्याचं मार्चमध्ये काय होतं ते त्याला विचारा.

असली बरीच पापं बँक जुळवणीत पकडली जातात (माझं नाही पकडलं गेलं, कारण बँकेत रक्कम आलीच होती, तिथे पार्टीकडून खातेउतारा मागवून ताळा करावा लागतो). दर आठवड्याला स्टेटमेंट काढा आणि एकेका ओळीवर टिक करत जा. दिलेला चेक अजून वटला नाही, बँकेने चार्जेस परस्पर कापले, कोणी न सांगता पैसे टाकले, फरक बहुतेक अशातच असतो. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्सला (तात्पुरत्या खात्याला) टाकली तर चालते, पण तिथे मुक्काम नको, महिनाअखेर ते खातं शून्यावर आणायचं.

आणि टेबलासमोर चार तारखा चिकटवून ठेवा. कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) पुढच्या महिन्याच्या ७ ला भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत चालतो. जीएसटी दरमहा भरणाऱ्यांना विक्रीचं रिटर्न (जीएसटीआर-१) ११ ला, खरेदीच्या क्रेडिटचं टू-बी (जीएसटीआर-२बी) हे पत्रक पोर्टलवर १४ ला येतं आणि थ्री-बी (जीएसटीआर-३बी, टॅक्स भरायचं रिटर्न) २० ला. त्या टू-बीची आपल्या खरेदीशी जुळवणी नवीन असताना स्वतःहून मागून घ्या, बाकी कोणाला ते काम आवडत नाही, त्यामुळे लगेच मिळेल.