सावकाश धावतानाही नाडी १७२?

हलक्या धावण्याच्या दिवशी माझं मनगटी घड्याळ दर दोन मिनिटांनी थरथरायचं: ‘वेग कमी करा’. पडद्यावर नाडी १७२, पण धाप मुळीच लागलेली नसायची. मी घाबरून चालायला लागायचो. सरावाचं पार खोबरं झालं.

मग एकदा थांबून गळ्याशी बोटं ठेवली आणि १५ सेकंद ठोके मोजले. ३४ भरले, म्हणजे मिनिटाला १३६. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते हे धरलं, तरी फरक फारच मोठा. नंतर ॲपमधला आलेख पाहिला, तर नाडीची रेघ आणि मिनिटाला पडणाऱ्या पावलांची रेघ जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या! घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून रक्तप्रवाहातला चढउतार वाचतं. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाचा हिसकाही त्यात मिसळतो, आणि पावलांनाच ते ठोके समजतं.

पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट केला. बराच फरक पडला, पण थंडीत आकडा पुन्हा उड्या मारू लागला, कारण गारठ्यात त्वचेकडचं रक्त कमी होतं. शेवटी छातीचा पट्टा घेतला. तो हृदयाचे विद्युतसंकेतच टिपतो. मात्र कोरडा बांधला तर पहिली काही मिनिटं तोही भलतंच दाखवतो. घाम आल्यावर सुधारतो. त्यामुळे आता आतली बाजू पाण्याने ओली करूनच बांधतो. हलकी धाव १३५-१४० मध्ये राहते आणि घड्याळ थरथरलं की मी खरोखर वेग कमी करतो.