जुनी फोर बाय फोर सांभाळताय? मग या चुका टाळा

माझी महिंद्रा एमएम ५४० ही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी जीप, १९९४ सालची. एमएच ११ची पाटी, प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, आणि माझ्याआधी चार मालक. साताऱ्यात घरी आणली त्याच रविवारी गोणपाट अंथरून खाली शिरलो. मागच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याला, एका बाजूला चार बोल्ट. एकाला १३चा पाना बसला, दुसऱ्याला अर्ध्या इंचाचा, तिसऱ्याच्या कडा झिजून तो गोटीसारखा गोल झालेला, आणि चौथ्या जागी चक्क बिजागरीचा बोल्ट ठोकलेला. गेली सात वर्षं मी ही जीप दुरुस्त करतोय असं लोकांना वाटतं. खरं तर मी आधीच्या चार मालकांच्या दुरुस्त्या निस्तरतोय. आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, गाडीचं काय न्हाई, मालक लई झालं तिचं."

जुन्या जीपचे बहुतेक बिघाड वयाचे नसतात, कुणीतरी घाईत केलेल्या कामाचे असतात. त्यातले थोडे मीही केलेत, ते पुढे येईलच.

पाना आधी ओळखा

महिंद्रानं १९४७पासून आपल्याकडे विलिस जीप जोडायला घेतल्या. चासी, ॲक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) या सगळ्याचा वंश तिथला, म्हणजे नट-बोल्ट इंचाचे. नंतर डिझेल इंजिन आलं ते फ्रेंच प्यूजोचं, मिलिमीटरचं. त्यामुळे एकाच गाडीत बॉनेटखाली एक माप आणि पोटाखाली दुसरं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला. नट गंजलेला असला की तेवढ्यातच कडा जातात, मग छिन्नी, मग गॅस, मग नवा बोल्ट आणि तोही भलत्याच आट्यांचा. इंचाच्या पान्यांचा एक संच घ्या आणि गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. निम्मा वैताग तिथंच मिटतो.

डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकू नका

नवशिक्याची ही सगळ्यात आवडती चूक. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात रस्ता ओला दिसला की लोक लिव्हर ओढतात आणि तसेच कासपर्यंत जातात. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सांभाळणारं तिसरं डिफरन्शिअल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. चिखलात चाक जरा घसरून तो फरक जिरवतं. डांबराची पकड चांगली असली की घसरायला जागाच राहत नाही, आणि सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा हलता सांधा) आणि गिअरच्या दातांत साठतो. मग स्टेअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते आणि लिव्हर काही केल्या परत येत नाही.

अशा वेळी लिव्हरवर लाथ मारू नका. मी मारली आहे. गिअर सरकवणारा आतला फोर्क वाकला. गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर मागे घ्या, क्लच दाबा, लिव्हर अलगद सरकवा. नाहीच आला तर पुढचं एक चाक जॅकवर उचला. पीळ सुटताना चाक आपोआप थोडं फिरतं, त्यामुळे अंगठा लांब ठेवा.

याचंच भावंड म्हणजे टायर. पैसे वाचवायला मागं दोन नवे टाकायचे आणि पुढं जुनेच चालवायचे. नव्या-जुन्याच्या जाडीत १० मिलिमीटरचा फरक असेल, तर चाकाच्या एका फेऱ्याला सुमारे सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. ६.००-१६च्या टायरला किलोमीटरमागे हे पंचवीस-सत्तावीस मीटर होतात. फोर बाय फोर टाकलेली असताना तेवढं अंतर कुठलं तरी चाक फरफटतच कापणार. चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे हवेत, स्टेपनीसुद्धा फिरवत राहा. पुढच्या चाकांना लॉकिंग हब (चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) असतील तर एक लॉक, एक फ्री असं कधीच नको. उतरून दोन्ही हातांनी तपासायला आळस करू नका.

ओढ्यात घालण्याआधी ब्रीदर बघा

ॲक्सलच्या नळकांड्यावर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. चिखलानं ती बुजलेली असते, आणि रंग मारणाऱ्यानं वरून रंगही दिलेला असतो. गाडी घाट चढून येते, डिफरन्शिअल तापलेलं असतं, आणि तुम्ही तिला बामणोलीच्या बाजूच्या एखाद्या गार ओढ्यात उतरवता. आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते.

मला हे कळायला एक पावसाळा लागला. दिवाळीत मागून घरघर सुरू झाली. ड्रेन प्लग उघडला तर तेल नव्हतं, ताक होतं. तसंच पांढुरकं, फेसाळ. बेअरिंगवर गंजाचे ठिपके उठले होते. आता ओढा ओलांडला की गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि सकाळी प्लग दोन आटे ढिला करतो. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत गेलं असेल तर पहिली धार त्याचीच येते. तेल निर्मळ आलं तर प्लग परत आवळायचा, काम दोन मिनिटांचं. ब्रीदर काढून तिथं रबरी नळी बसवून ती वर बॉनेटपर्यंत नेली की ही कटकट बऱ्यापैकी संपते.

बंद ब्रीदर उलटंही काम करतो. तापल्यावर आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. मग ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. आपण ब्रेकवाल्याकडे जातो, तो लायनर बदलतो, महिन्यानं परत तेच. आधी सील बघा, त्याआधी ब्रीदर. डिफरन्शिअलमध्ये तेल भरतानाही फिलर प्लगच्या कडेपर्यंतच भरा. "थोडं जास्त असू दे" म्हणून घातलेलं तेल शेवटी लायनरवरच जातं.

थरथर आणि हादरे

साठच्या स्पीडला माझ्या गाडीची सीट गुदगुल्या करायला लागली. मी चाकं बॅलन्स करून घेतली, इंजिनाचे माउंटिंग बदलले, दोन महिने आणि बरेच पैसे गेले. दोष माझाच होता. क्रॉस बदलताना शाफ्टचे दोन भाग सरकवून वेगळे केले होते आणि परत घालताना खूण बघितली नव्हती. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन बोटांचे चिमटे, एका रेषेत यावे लागतात. एका क्रॉसमुळे फिरण्यात येणारा चढउतार दुसऱ्यानं खोडून काढायचा असतो. दात एक-दोन घरं चुकले की दोघांचे चढउतार जुळत नाहीत आणि शाफ्ट थरथरतो. खोलण्याआधी खडूनं नको, पंचनं खूण करा. खडू डिझेलच्या हातानं पुसला जातो.

दुसरा प्रकार भयंकर. खड्ड्यावरून गेलं की स्टेअरिंग हातात धरवत नाही, पुढची दोन्ही चाकं पिसाळल्यासारखी हलतात. यावर बाजारात स्टेअरिंग डॅम्पर मिळतो. लोक तो लावतात आणि हादरे थांबले म्हणून खूश होतात. ढिली गोष्ट ढिलीच राहते, फक्त आता ती सांगत नाही. पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती पिन. चाक आडवं धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडचे एंड. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलचे बुश आणि यू बोल्टही त्याच बैठकीत बघून घ्या. माझ्याकडे बुशच्या जागी टायरच्या रबराचे तुकडे निघाले. कापणाऱ्याचा हात मात्र सफाईदार होता.

सकाळी चालू होत नाही

डिझेल गाडी सकाळी दहा वेळा स्टार्टर मारल्यावर चालू होते, दिवसभर मात्र एका इशाऱ्यावर. सल्ला मिळतो: पंप उतरवा, डिझेल फवारणारे नोझल बदला. थांबा. आधी एक फुकटची तपासणी. रात्री गाडी तोंड वर करून लावता की खाली? टाकी मागं असली की तोंड वर करून लावल्यावर डिझेल रात्रभर टाकीकडे उतरतं, अट एकच, कुठून तरी हवा आत शिरली पाहिजे. एक रात्र तोंड उताराला लावून बघा. सकाळी पटकन चालू झाली तर पंप निर्दोष आहे आणि हवा घेणारा सांधा शोधायचा आहे. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. माझ्याकडे नोझलच्या परतीची बोटभर रबरी नळी चिरली होती. दुसऱ्या एका जीपमध्ये फिल्टरच्या पोकळ बोल्टखाली जुनाच तांब्याचा वॉशर परत बसवला होता. हे वॉशर दर वेळी नवे घालायचे असतात, हे ठाऊक असूनही कुणी घालत नाही.

सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग एकेक करून तपासा, चारातले दोन गेले तरी थंडीत हाल होतात. धक्का मारून चालू करायची सवय लागली की लोक बॅटरीला शिव्या देतात, पण इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी कुणी बघत नाही. एकदा मेढ्यात स्टार्टर मारताना पायाशी जळका वास आला. हात लावला तर हँडब्रेकची तार तापलेली. पट्टी तुटली होती आणि स्टार्टरचा सगळा करंट परतीची वाट म्हणून त्या तारेतून जात होता.

पाणी, तेल आणि बाकीचं

गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे. त्यानं इंजिन थंडीत कधी तापतच नाही, डिझेल जास्त पितं, धूर मारतं, आणि खरा आजार तसाच राहतो: चोंदलेला रेडिएटर, कमजोर झाकण, ढिला बेल्ट. शेतात फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत कुसळं अडकतात. ती इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं धुवा, जोराची धार पाकळ्या वाकवते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. जत-आटपाडीकडच्या क्षारांच्या पाण्यानं किटलीला जसा थर बसतो तसाच आत बसतो. कूलंट आणि शुद्ध पाणी, बस.

गिअरबॉक्सला डिफरन्शिअलचंच जीएल-५ प्रतीचं तेल घालू नका. गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना ते मानवेलच असं नाही. पुस्तिकेत जीएल-४ असेल तर जीएल-४च. ब्रेकच्या रबरांना डिझेल-पेट्रोलनं धुवू नका, फुगतात.

सुट्या भागांसाठी "एमएम ५४०चं द्या" असं दुकानात सांगू नका. तुमच्या गाडीत मुळात कुठला भाग आहे हे आधीच्या मालकालाच ठाऊक. जुना भाग पुसून सोबत न्या. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात गाडीचं नावही विचारत नाहीत. जे मिळतच नाही त्यासाठी आम्ही कोल्हापूरला उद्यमनगर गाठतो.

घेण्याआधीची एक चूक

सांगली-मिरजेकडे जुनी गाडी स्वस्त मिळाली की मी पहिल्यांदा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतो आणि हेडलाइटच्या आतला काठ बघतो. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णेच्या पाण्यात खूप गाड्या बुडाल्या. धुतलेल्या गाडीतही गाळाची पिवळट रेघ कुठंतरी राहतेच. पुरातली गाडी वाईटच असं नाही, पण किंमत त्या हिशेबानं द्या आणि पाचही ठिकाणची तेलं पहिल्या दिवशी बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल. आणि आपलीच गाडी कधी पाण्यात गेली, तर बाहेर काढल्यावर स्टार्टर मारून बघू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग नाहीतर नोझल काढून, हातानं इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं, मग पुढचं.

कागदही बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२मध्ये मोटारीचं हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं. ते आणि पर्यावरण कर भरलेला आहे का, हे सौदा ठरण्याआधी विचारा.

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या ड्रममधून परवापासून खरखर ऐकू येतेय. ब्रीदर साफ आहे, तेल निर्मळ आहे. रविवारी उघडतो, आत कुणाची दुरुस्ती निघते बघू.