ऑफिसात पोचायच्या आधीच दमताय? गाडीतल्या या चुका टाळा

पुण्यात वारज्याहून हिंजवडी आयटी पार्कचा फेज टू म्हणजे वीसेक किलोमीटर. रविवारी सकाळी अर्ध्या तासात पोचता येतं, मंगळवारी सव्वानऊला निघालात तर सव्वा तास धरूनच चाला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला, तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचे. पण पुढे वाकडचा पूल होताच. रोजचे अडीच तास गाडीतच जाणार हे कळल्यावर मी तो वेळ ‘सत्कारणी’ लावायला निघालो, आणि तिथेच बिनसलं.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी : वेळ भरून काढणं

सकाळी पॉडकास्ट, मग टीमचा कॉल, परतताना बँकेचं, आईचं, सोसायटीचं. फोन ब्लूटूथवर, हात स्टिअरिंगवर, मग बिघडलं कुठे? एकदा अशाच कॉलवर एस्टिमेटवरून वाद घालत होतो. वाकडचा फाटा कधी मागे पडला, पत्ता नाही. भानावर आलो ते पुनावळ्यात. वळून परत यायला चाळीस मिनिटं गेली आणि ऑफिसात शिरलो तो आधीच चिडलेला. हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं. नियमानेही गाडी चालवताना हातातला मोबाइल फक्त रस्ता बघण्यापुरताच वापरता येतो. ताशी ६० च्या वेगात पाच सेकंद स्क्रीनवर नजर गेली तर गाडी ८३ मीटर आंधळी जाते. बायपासवर पुढे डंपर असताना हा हिशोब एकदा मनात करून बघा.

आता मी एकच ठरवलं आहे. सकाळी आकाशवाणी नाहीतर गाणी, संध्याकाळी पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. सुरुवातीला ती शांतता खायला उठते. चौथ्या-पाचव्या दिवशी सवय होते. आणि हो, टीव्हीवरच्या चर्चेचा नुसता आवाज गाडीत लावणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब तुम्हाला लखलाभ.

चूक दुसरी : मॅपवरच्या मिनिटांशी भांडण

‘पोचण्याची वेळ ९:५२’ होती, ती ९:५८ झाली की छातीत धडधड. मग लेन बदल, सर्व्हिस रोडला घुस, बाणेरला पुन्हा वर ये. मी आठवडाभर हे करून पाहिलं. कट मारून पुढे गेलेली पांढरी स्विफ्ट बालेवाडीच्या सिग्नलला माझ्या शेजारीच उभी. रस्ता निघतानाच बघून घ्या, मग मॅपचा आवाज चालू ठेवा आणि स्क्रीनवरून नजर काढा. वीस मिनिटं लवकर निघणं हा खरा उपाय, पण तो मला स्वतःला आठवड्यातून दोनदाच जमतो.

अंगाची कुरबुर

संध्याकाळी कंबर आणि मान भरून येते ती सगळी काही टेन्शनमुळे नाही. आधी मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्याने एक बाजू वर राहते, मग कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. पाठ सीटला टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. खांदा पुढे ओढला जात असेल तर सीट लांब आहे. डावा पाय कायम क्लचवर ठेवण्याची सवयही सोडा. पिंडरी आखडते आणि क्लच प्लेटचा खर्च येतो तो वेगळाच.

दुपारी जेवून निघालो की जांभया येतात, त्याला दरवेळी जेवणच कारण नसतं. कोंडीत धूर नको म्हणून आपण एसीला आतलीच हवा फिरवत ठेवतो आणि नंतर ते बटण विसरतो. बंद गाडीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं. सूस खिंडीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पाच-दहा मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. तरी पेंग येत असेल तर कॉफीवर विसंबू नका, तिचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात. पेट्रोल पंपावर बाजूला गाडी लावून पंधरा मिनिटं डोळे मिटा.

पाण्याचंही तसंच. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी जणी निघण्याआधी तासभर पाणी पीत नाहीत आणि घरी पोचून डोकेदुखीची गोळी घेतात. यात चूक त्यांची म्हणवत नाही.

श्वासाचे प्रयोग जपून

चालत्या गाडीत कपालभाती नको. भरभर श्वासाने गरगरतं. सिग्नलला डोळे मिटून ध्यानही नको, मागचा रिक्षावाला ते लगेच मोडतो. डोळे उघडे ठेवून चारपर्यंत मोजत श्वास घ्या, सहापर्यंत मोजत सोडा. हँडब्रेक लावला असेल तर खांदे कानापर्यंत नेऊन सोडून द्या. इतकंच.

पोचल्यावरची चूक

गाडी लावली की धावत लिफ्टकडे, आणि दार उघडताच मुलाने वही पुढे केली की त्याच्यावर डाफरायचं. कट मारणारा टेम्पो पाषाणला, बोलणी खाणारं पोर वारज्यात. मी आता इंजिन बंद करून पार्किंगमध्ये पाच मिनिटं बसतो. फोन डॅशबोर्डवर उलटा. बॉनेटखालून तापलेल्या लोखंडाची टिकटिक येत असते, ती थांबेपर्यंत. वॉचमनने परवा काचेवर टकटक केली, ‘साहेब, बरं आहे ना?’ म्हटलं, ‘आत्ता कुठे बरं वाटतंय.’