फेरीऑक्झलेटचे हिरवे स्फटिक: या चुका टाळा

"सर, हिरवं होऊनच नाही राह्यलं!" पोटॅशियम ट्रायऑक्झलेटोफेरेट, म्हणजे फेरीऑक्झलेटचे हिरवे स्फटिक, बनवायचं प्रॅक्टिकल आलं की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात हे ठरलेलं. पोट्टे मोहरच्या मिठाला (ज्यापासून सुरुवात होते तो फेरस लोहाचा क्षार) दोष देतात. मी आधी पाणी कुठलं ते विचारतो.

इकडचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमला ऑक्झॅलिक आम्ल भेटलं की कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा गाळ होतो, आणि तो पिवळ्या फेरस ऑक्झलेटमध्ये लपून बसतो. डिस्टिल्ड पाणी नसेल, तर प्रॅक्टिकल उद्या करा.

दुसरा गुन्हेगार हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे फेरस लोहाला (Fe²⁺) फेरिक (Fe³⁺) करणारा. टिनाखालच्या स्टोअरमध्ये उन्हाळा काढलेल्या बाटलीत दम उरत नाही. ताजं, २० व्हॉल्यूमचं (सुमारे ६ टक्के) घ्या आणि ४०° सेल्सिअसच्या आसपास थेंबथेंब टाका. मे महिन्यात खोलीच तेवढी तापते, तेव्हा वॉटरबाथ सोडा, उलट बीकर माठातल्या पाण्यात धरा. फेरस उरलं का ते पाहायला गाळणकागदावर एक थेंब ठेवून पोटॅशियम फेरीसायनाइड लावा. निळं झालं, तर काम बाकी आहे. नंतर जास्तीचं पेरॉक्साइड उकळून घालवा, पण उकळत ठेवून चहाला जाऊ नका. तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड घट्ट झालं की ऑक्झॅलिक आम्लाला दाद देत नाही.

स्फटिक निघाले की हौसेने खिडकीत वाळवायला ठेवतात. तिथेच घात होतो! उजेडात ऑक्झलेट स्वतःच लोहाला फेरस करतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वर पिवळी पूड दिसते. (१८४२ मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने निळे छाप (सायनोटाइप) काढले, ते लोहाच्या सायट्रेटच्या अशाच सवयीवर.) स्फटिक काळ्या कागदात, अंधाऱ्या कपाटात ठेवा.

ओव्हनमध्येही नको. ११०° ला स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) उडतं. मग परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये ऑक्झलेट ५३.७५ टक्क्यांऐवजी ६० च्या घरात येतं आणि पोट्टे ब्युरेटला शिव्या देतात. टायट्रेशनमध्ये द्रावण तपकिरी झालं, तर मात्र सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय.

आयआर (अवरक्त) वर्णपटासाठी नमुना नागपूरला पाठवताना कुपीला फॉइल गुंडाळा. पावसाळ्यात नमुन्याची गोळी करायचं केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) ओलं असेल, तर १६४० सेमी⁻¹ जवळ पाण्याचा पट्टा उठतो आणि ऑक्झलेटच्या १६५०-१७१० च्या पट्ट्यांत मिसळतो. ३४०० जवळचा रुंद पट्टाही लगेच स्फटिकजलाच्या नावावर लिहू नका. आधी केबीआर वाळवून पुन्हा गोळी करा.