रेम्ब्रांटची वाट: पाहुण्यांना ॲमस्टरडॅम दाखवताना

आम्ही ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलफेनला राहतो, त्यामुळे उन्हाळाभर पाहुण्यांचा राबता. कालव्यातली बोट झाली की एक सकाळ मी त्यांना सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या वाटेवर नेते. तीन-चार तास धरा आणि पायात रुळलेले बूट घाला. सासूबाईंच्या नव्या चपलेने पहिल्याच पुलावर दगा दिला होता.

मेट्रोने वॉटरलोप्लेनला उतरा. दोन मिनिटांवर योडेनब्रेस्ट्राट 4, त्याचं घर. 1639 मध्ये 13,000 गिल्डरला (जुनं डच नाणं) घेतलं, पण पैसे फिटले नाहीत आणि 1656 मध्ये दिवाळं निघालं. तेव्हा खोलीवार केलेली सामानाची यादी टिकली, तिच्यावरूनच आज घर मांडलंय. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. जिने अरुंद आणि गोल आहेत, गुडघेवाल्यांना घाई करू नका.

एचिंगचं, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा कोरून चित्र छापण्याचं प्रात्यक्षिक मात्र चुकवायचं नाही. तांब्याच्या पत्र्यावर शाई चोळतात, पुसून काढतात, ती फक्त रेघांत उरते. वर ओलसर कागद ठेवून प्रेसचं चाक फिरवतात. सासऱ्यांचं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं, कागद सोलून उचलला तेव्हा ते पुटपुटले, "दाब बरोबर बसलाय." पुढे अर्धा तास हलले नाहीत. रेम्ब्रांटने मुघल चित्रं पाहून शाहजहानची रेखाटनं केली, हे तिथेच सांगा.

बाहेर पडून पूल ओलांडा. सिंट आन्टोनीसब्रेस्ट्राटवर कवट्या कोरलेली कमान दिसेल; आत झाउडरकेर्क हे चर्च, जिथे त्याची तान्ही मुलं पुरली. पुढे नीयुवमार्क्तच्या चौकात डे वाख, जुनं वजनघर. शल्यविशारदांची मंडळी या इमारतीत भरे, 'डॉ. टुल्प' हे रेम्ब्रांटचं 1632 चं शवविच्छेदनाच्या धड्याचं चित्र त्यांचंच.

आउडे केर्क या चर्चमध्ये त्याची बायको सास्किया पुरलेली आहे, 1642 मध्ये गेली. हे चर्च नेमकं लाल दिव्यांच्या वस्तीत! वडीलधारे असतील तर सकाळी दहाच्या सुमारास पोहोचा, खिडक्यांचे पडदे बहुतेक ओढलेले असतात. पुढे 1662 मध्ये पैशासाठी त्याने तिची कबरही विकली, हे ऐकून सासूबाई दोन चौक माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच विकली.

डाम चौकातून सरळ पश्चिमेला वेस्टरकेर्क चर्च. 1669 मध्ये त्याला इथे भाड्याच्या, बिननावाच्या कबरीत पुरलं, त्यामुळे नेमकी जागा शोधत बसू नका. तसंच पुढे रोझनग्राख्त 184, शेवटचं भाड्याचं घर होतं ती जागा. घर उरलं नाही, कालवाही बुजवलाय. भिंतीवर पाटी आहे, मान वर केल्याशिवाय दिसत नाही. परतीची ट्राम याच रस्त्यावर मिळते.