न बदलणारा सुपरहिरो कसा लिहावा

सुपरहिरोची पटकथा लिहायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: नायकाचा कॅरेक्टर आर्क काय? म्हणजे सुरुवातीला कसा होता आणि शेवटी कसा झाला. स्पायडर-मॅनला हा प्रश्न चपखल बसतो. चोराला जाऊ दिलं, त्यात काका गेले आणि पोराचे डोळे उघडले. कॅप्टन अमेरिका मात्र पहिल्या पानावर जिथे उभा असतो, तिथेच शेवटच्या पानावरही असतो. अशा नायकाला ओढूनताणून बदलू नका. कथेत बदल लागतोच, पण तो त्याच्या आजूबाजूच्या माणसांत घडू द्या आणि त्याची किंमत नायकाला मोजायला लावा.

हे आपल्याला नवं नाही. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट (१९१३) आणि मराठीतला पहिला बोलपट (१९३२), दोन्ही हरिश्चंद्रावर. राजा सत्य सोडणार नाही हे प्रेक्षकाला घरून निघतानाच ठाऊक होतं. तरी स्मशानात तो तारामतीकडे स्वतःच्याच मुलाच्या दहनाचा कर मागतो तेव्हा घसा दाटून येतो. आता याच्याकडून अजून काय काढून घेणार, या धास्तीवर ती गोष्ट चालते.

आधी नायकाची धारणा एका वाक्यात लिहा. ‘तो प्रामाणिक आहे’ हे वाक्य कामाचं नाही, त्यातून प्रसंग निघत नाही. ‘शेजारच्याचा जीव वाचत असेल तर मी पुढे होतो’ हे चालेल. वाक्य तपासायची कसोटी सोपी आहे: एखादा शहाणा माणूस याला विरोध करू शकेल का? कुणीच करणार नसेल तर दुसरं वाक्य शोधा.

मग ही धारणा पहिल्या दहा-बारा पानांत कृतीतून दाखवा (पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट). पहिल्या चित्रपटात थोडा उशीर झाला तर चालतो, पण शक्ती मिळण्याआधी ती दिसलीच पाहिजे. कॅप्टन अमेरिकाच्या २०११ च्या चित्रपटातला लष्करी छावणीचा प्रसंग पुन्हा नीट बघा. कर्नल भरतीच्या पोरांमध्ये हातबॉम्ब टाकतो. धिप्पाड गडी पांगतात. काडीपैलवान स्टीव्ह, म्हणजे पुढचा कॅप्टन अमेरिका, मात्र त्यावर झेप घेतो, अंगाची मुटकुळी करून बॉम्ब पोटाशी धरतो आणि बाकीच्यांना दूर व्हायला हात करत राहतो. बॉम्ब खोटा निघतो. औषधाने त्याला पुढे ताकद मिळाली, वृत्ती आधीचीच होती, हे तेवढ्यात कळतं.

दुसरं काम विरोधी बाजूचं, आणि बहुतेक खर्डे इथेच लंगडे पडतात. अढळ नायकासमोर मूर्ख खलनायक ठेवला की नायक नुसता हट्टी दिसतो. जगाचं म्हणणं पटण्यासारखं हवं आणि ते नायकाला आदर असलेल्या माणसाने मांडावं. कॅप्टन अमेरिकाच्याच ‘विंटर सोल्जर’मध्ये (२०१४) गुन्हा घडण्याआधीच धोका संपवणाऱ्या तीन प्रचंड उडत्या युद्धनौका स्टीव्हला दाखवतो तो निक फ्युरी, त्याचा स्वतःचा वरिष्ठ. या बाजूला एक अख्खा सीन द्या आणि त्यात नायकाला वाद जिंकू देऊ नका.

मग तीन कसोट्या आखा: एक मध्यंतराच्या बरीच आधी, एक मध्यंतराला, एक शेवटी. प्रत्येकीपुढे काय गमावलं ते लिहा. नाव, नोकरी, संस्था, मित्र असं चढत जाऊ द्या, आणि गमावलेलं शेवटच्या रीळात सगळं परत देऊ नका. शारीरिक दुबळेपणाला कसोटी समजू नका. १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आलेलं क्रिप्टोनाइट सुपरमॅनला अंथरुणाला खिळवतं, पण त्याच्या मूल्यांना एकही प्रश्न विचारत नाही.

आता बदलणारी माणसं. दोन किंवा तीनच घ्या. प्रत्येकाला किमान दोन प्रसंग द्या: एकात तो मान खाली घालतो, दुसऱ्यात तशाच पेचात वेगळं वागतो. जागा फारच कमी असेल तर एका प्रसंगातही हे साधतं. ‘विंटर सोल्जर’मध्येच त्या युद्धनौका उडायच्या बेतात असताना स्टीव्ह ध्वनिक्षेपकावरून सगळ्या इमारतीला खरं काय ते सांगतो. खाली कन्सोलपाशी एक साधा तंत्रज्ञ बसलाय. त्याला उड्डाणाचा हुकूम मिळतो, डोक्याला पिस्तूल लागतं, तो घाबरून अर्धमेला झालाय आणि तरी कळ दाबत नाही. पुढे गोळीबार होतो, नौका उडतातच. त्याच्या नकाराने काही थांबलं नाही, पण नायकाचा शब्द त्याच्यापर्यंत पोचल्याचा तो पुरावा आहे. मोठा पुरावा बकीचा, म्हणजे शत्रूच्या बाजूने लढणाऱ्या स्टीव्हच्या जुन्या मित्राचा: स्टीव्ह ढाल टाकून देतो, मार खातो, आणि अखेर बकीच त्याला नदीतून बाहेर ओढतो.

नायकाला शंका येऊच नये का? जरूर यावी, पण मार्गाबद्दल: कुणाचा हुकूम मानायचा, कुणाला वाचवायचं, आधी कुठे जायचं. मूल्याबद्दलच शंका घातलीत तर ती दुसऱ्या जातीची गोष्ट होते, आणि तिला सुरुवातीपासून तशी पेरणी लागते. आयत्या वेळी घातलेला ‘मी हे सगळं सोडतोय’ हा सीन म्हणूनच खोटा वाटतो. दोन पानांनी तो परतणार हे सगळ्यांना माहीत असतं.

आणखी एक खोड म्हणजे प्रवचन. खर्डा पूर्ण झाला की लाल पेन घ्या आणि नायक स्वतःच्या तत्त्वांबद्दल जे जे बोलतो ते सगळं खोडा. उरलेलं अशा माणसाला वाचायला द्या ज्याला कथा माहीत नाही, आणि नायक कशासाठी काहीही सोसेल ते त्याला विचारा. त्याचं उत्तर तुमच्या पहिल्या वाक्याशी जुळलं तर खोडलेल्यातली एकच ओळ परत घ्या, तीही मध्यंतरानंतर. नाही जुळलं तर संवादांना हात न लावता कसोट्यांकडे परत जा.