व्हिस्कॉसिटीचे आकडे एका एककातून दुसऱ्यात बदलताना

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत ऑइल मिलसाठी पंप किंवा पाइपलाइन ठरवायला बसलं की व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे द्रवाच्या घट्टपणाचा, आकडा दर ठिकाणी वेगळ्या एककात समोर येतो. लॅबच्या रिपोर्टवर सेंटिपॉइज, सूत्राला हवं पास्कल-सेकंद, जुन्या अमेरिकन पुस्तिकेत पौंड आणि फूट. हाती आलेला प्रत्येक आकडा आधी मिलिपास्कल-सेकंदात आणा, मग पुढचं गणित. १ मिलिपास्कल-सेकंद म्हणजे बरोबर १ सेंटिपॉइज, त्यामुळे लॅबचा आकडा तसाच राहतो आणि १००० ने भागलं की पास्कल-सेकंद मिळतं.

लागणारे गुणक एवढेच:

१ पास्कल-सेकंद = १० पॉइज = १००० सेंटिपॉइज
१ पौंड प्रति फूट-सेकंद = १४८८.१६ सेंटिपॉइज
१ सेंटिपॉइज = २.४१९ पौंड प्रति फूट-तास
१ पौंड-फोर्स-सेकंद प्रति चौरस फूट = ४७,८८० सेंटिपॉइज
१ किलोग्रॅम-फोर्स-सेकंद प्रति चौरस मीटर = ९८०६.६५ सेंटिपॉइज

यातली दुसरी आणि चौथी ओळ घाईत सारखीच वाटते. पण एकीत पौंड हे वस्तुमान आहे, दुसरीत बल, आणि दोन्हींत ३२.१७४ पटींचा फरक आहे. तुमचं उत्तर अपेक्षेपेक्षा साधारण ३२ पट मोठं किंवा लहान आलं, तर दुसरीकडे शोधत बसू नका, चूक इथेच आहे. कारखान्यात ज्याला ‘सीपीएस’ म्हणतात ते सेंटिपॉइजच. आकडा बदलायचा नाही. इंग्रजीत टाइप केलेल्या रिपोर्टवर मात्र पास्कलच्या आधीचं एम अक्षर नीट बघा. लहान एम म्हणजे मिली, मोठं एम म्हणजे मेगा. मोठं छापलं असेल तर ती टायपिंगची चूक समजा, कारण मेगापास्कल-सेकंदाचं तेल कुठल्याच पंपातून जाणार नाही.

चुकीची किंमत किती असते ते एका पाइपवर बघू. ५० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून शेंगदाणा तेल सेकंदाला १ मीटर वेगाने जातंय, घनता घनमीटरला ९१० किलो, व्हिस्कॉसिटी ४५ सेंटिपॉइज, म्हणजे ०.०४५ पास्कल-सेकंद. रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे प्रवाह संथ की खळबळीचा हे सांगणारा आकडा, ९१० × १ × ०.०५ ÷ ०.०४५ = १०११. प्रवाह संथ, थरांचा; घर्षण गुणांक ६४ ÷ १०११ = ०.०६३. आता कुणी ०.०४५ हा आकडा पॉइजमध्ये आहे असं समजून पुन्हा १० ने भागला, तर रेनॉल्ड्स संख्या दहा हजारांवर जाते, प्रवाह खळबळीचा ठरतो आणि घर्षण गुणांक ०.०३२ च्या आसपास येतो. दाबातली घट निम्मी दिसते आणि मोटर लहान निवडली जाते. कागदावर काहीच विचित्र दिसत नाही, म्हणून ही चूक सहसा पंप बसवल्यावरच कळते.

सेंटिस्टोक दिसलं की थांबा. ते वरच्या एककांसारखं डायनॅमिक व्हिस्कॉसिटीचं एकक नाही, कायनेमॅटिकचं, म्हणजे घनतेने भागलेल्या व्हिस्कॉसिटीचं आहे; नुसत्या गुणकाने ते बदलत नाही, घनता लागते. सेंटिस्टोक गुणिले घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) बरोबर सेंटिपॉइज. गिअर बॉक्समधलं ‘व्हीजी ६८’ तेल ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोकचं असतं, १० टक्के इकडेतिकडे. डेटाशीटवर घनता बहुधा १५ अंशांची असते. ती ०.८८५ असेल तर ४० अंशांना सुमारे ०.८६९ होते, कारण खनिज तेलाची घनता दर अंशाला जवळपास ०.०००६५ ने उतरते. उत्तर ५९ सेंटिपॉइज. घनता न लावता ६८ च धरलं तर १५ टक्के जास्त.

रेडवुड क्रमांक १ हे उपकरण ठरलेलं तेल भोकातून गळायला लागणारा वेळ मोजतं; त्याचे सेकंदही आधी सेंटिस्टोकमध्येच न्यावे लागतात. वेळ १०० सेकंदांच्या वर असेल तर ०.२४७ × वेळ − ५० ÷ वेळ. ३४ ते १०० सेकंदांत ०.२६ × वेळ − १७९ ÷ वेळ. ५० मिलिलिटर तेल गळायला २०० सेकंद लागले तर ४९.४ − ०.२५, म्हणजे ४९.१५ सेंटिस्टोक. त्याच तापमानाची घनता ०.९१ असेल तर ४४.७ सेंटिपॉइज.

रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गरासाठी ब्रुकफिल्ड, म्हणजे द्रवात स्पिंडल (दांडा) फिरवून व्हिस्कॉसिटी मोजणारं यंत्र, वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. त्याच्या आरव्ही मॉडेलवर ४ नंबरचा स्पिंडल मिनिटाला २० फेऱ्यांनी फिरवला की गुणक १०० असतो. डायल ४२ दाखवत असेल तर ४२०० सेंटिपॉइज, म्हणजे ४.२ पास्कल-सेकंद. एकक बदलणं इथे सोपंच. पण गर ढवळला की सैल होतो, त्यामुळे १० फेऱ्यांना आकडा वाढेल आणि ५० ला उतरेल. स्पिंडल आणि फेऱ्या लिहिल्या नसतील तर असा रिपोर्ट दुसऱ्या रिपोर्टशी ताडून बघू नका. डायल १० च्या खाली असेल तर वाचन भरवशाचं नाही. मोठा स्पिंडल लावा.

तापमान प्रत्येक आकड्याला चिकटलेलं हवं. शेंगदाणा तेल २० अंशांना ४० अंशांच्या साधारण दुप्पट घट्ट असतं, आणि भुसावळचा मे महिना आणि जानेवारीची पहाट यांतला फरक याहूनही मोठा आहे. मोटरची ताकद थंडीतल्या व्हिस्कॉसिटीवर काढा. गिअर पंपाचा प्रवाह मात्र मे महिन्याच्या आकड्यावर तपासा, कारण पातळ झालेलं तेल दात्यांच्या फटीतून मागे सरकतं आणि पंप कमी माल देतो.